पाहुण्याचा पक्षी

नर टर्की पुन्हा आरवला. अगदी वेळेवर.

तेच मर्ल कोव्हाकला खटकलं. ओकच्या बुंध्याला पाठ टेकून, गुडघ्यावर बंदूक ठेवून तो बसला होता. शेजारी हॉलिस जेन्ट्री लाकडी डबी घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढत होता. डबी घासली, की वर आडव्या पडलेल्या झाडामागून नराचं उत्तर. पुन्हा घासली, पुन्हा उत्तर. मिसूरीतला झाला म्हणून काय, टर्की इतका आज्ञाधारक?

"तुझाच आहे तो," हॉलिस कुजबुजला. "मी तर बंदूकच आणली नाही."

रीतच तशी. परराज्यातून शिकारी पाहुणा आला, की पहिल्या सकाळी यजमानाने रिकाम्या हाताने निघायचं. बसायला कोरडी जागा पाहुण्याला, ओली आपल्याला. पाहुण्याने आपली डबी खिशातून काढायची नाही. त्याला दाखवलेली जागा त्याने गावी जाऊन कुणाला सांगायची नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. मोडलं तरी कुणी रागावत नाही. फक्त पुढच्या वसंतात बोलावणं येत नाही.

मर्लला हा पक्षी हवा होता. अगदी आतून हवा होता. हिवाळ्याआधी त्याचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. त्यानंतर या चढणी कोण चढणार? ओहायोतून इथवर तो एकटा गाडी चालवत आला होता. शेजारच्या सीटवर यजमानासाठी घरच्या मेपलच्या पाकाचा डबा होता, पट्टा लावून बसवलेला.

पण हा आवाज.

इथे गेल्या वसंतातलं सांगून टाकायला हवं. मर्ल स्वतः ते सांगणार नाही. आपल्या ओहायोतल्या रानाची त्याने हिवाळाभर फोनवर बढाई मारली होती. हॉलिस आला, आणि रान चिडीचूप. शेजाऱ्याने झाडं तोडली होती आणि पक्षी केव्हाच दुसरीकडे गेले होते. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला ऐकवायचं काय? मर्लचा मेव्हणा टर्कीची नक्कल झकास करायचा, चर्चच्या जेवणावळीत लोक त्याला आग्रह करकरून करायला लावत. दुसऱ्या पहाटे मर्लने त्याला टेकडीपलीकडच्या झुडपात नेऊन बसवला. बंदुकीच्या वाटेत नाही, एवढी काळजी घेतली. हॉलिस सकाळभर मन लावून ऐकत राहिला. पक्षी काही समोर आला नाही. निघताना हॉलिस म्हणाला, "मिळाला नाही म्हणून काय झालं? गाणं ऐकलं. पोट भरलं."

त्या वाक्याने मर्लची वर्षभर झोप उडवली होती.

आणि आज. हॉलिसचा धाकटा भाऊ रॉइस काल जेवायला होता. पहाटे कॉफीला मात्र नव्हता. त्याची गाडीही नव्हती.

म्हणजे.

फिटंफाट.

मर्लला हसू आलं, आणि कसं कोण जाणे, बरंही वाटलं. तेवढ्यात खोडाच्या टोकाला वळसा घालून नर बाहेर आला. लाल-पांढरं डोकं. शेपटीचा पंखा फुललेला, पंखांची टोकं पाचोळ्यावर खरडत होती, आणि छातीवरून लोंबणारी राठ केसांची दाढी जमिनीला टेकायला आलेली. हा खरा होता! रॉइसच्या खोट्या आवाजाला भुलून भांडायला आलेला. आणि त्याच्या बरोबर मागे, त्या कुजक्या खोडापलीकडे, रॉइस.

"मार," हॉलिस कुजबुजला.

मर्लने त्याच्याकडे तिरकं पाहिलं. सख्खा भाऊ आहे ना रे तुझा? पाहुणचार करावा माणसाने, पण इतका?

"मार ना लेका! पत्रिका छापू का?"

छर्रे पसरतात. आणि 'तुझा भाऊ आहे तिथे' असं म्हणावं, तर हा खेळ मला ठाऊक आहे असं कबूल केल्यासारखं. कसा ठाऊक, हे मग हॉलिसला विचारावंही लागणार नाही. मर्लने चापावरचं बोट काढलं. नराने मान वर केली, पंखा मिटला, आणि घाई न करता तो खालच्या घळीत उतरून गेला.

"तिरीप आली डोळ्यावर," मर्ल म्हणाला. "उन्हाची."

आभाळ गच्च भरलेलं होतं. हॉलिसने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"येते कधीकधी," तो म्हणाला.

मग पाऊस भुरभुरायला लागला आणि मर्लला राहवेना. खोडामागे बसलेल्या माणसाची दया आली. त्याने हाक मारली, "रॉइस! ये बाबा आता बाहेर. भिजशील उगाच."

कुणी आलं नाही.

"रॉइस?" हॉलिस म्हणाला. "तो पहाटेच नदीवर गेलाय, मासे धरायला. टर्कीच्या नादाला नाही लागत तो. म्हणतो, तुम्ही दोघं ठार वेडे आहात."

मर्ल गुडघे धरत चढून वर गेला. खोडामागे माणूस बसल्याची खूणसुद्धा नव्हती. पाचोळा उकरलेला होता. ओल्या मातीत तीन बोटांच्या पावलांची रांग होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळभर कुणीतरी तिथे येरझारा घालत होतं. आरवत. मादी डबीतली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

मर्ल खोडावर बसला. त्याचे कान तापले होते.

"हॉलिस, मला वाटलं, की तू पण..."



हॉलिसने थर्मास उघडला, पहिला कप पाहुण्याला दिला, आणि स्वतः खोडाच्या ओल्या बाजूला बसला.

"पुढच्या वसंतात मी येतो तुझ्याकडे," तो म्हणाला. "फक्त मेव्हण्याला घरी झोपू दे. गेल्या वेळी दोनदा शिंकला बिचारा."