मिसेसची पेटी

रोवेनाने उकळत्या पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळली आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्यात सरकवली. तिथली आधीची बाटली निवली होती. पेटीच्या तळाशी तिने मासळीचे थर्मोकोलचे डबे फोडून अंथरले होते. वरच्या जाळीवर घोंगडी टाकली होती आणि कापडाला लागणार नाही असा एक पिवळा बल्ब बाजूला टांगला होता. खोलीत बोललं की तोंडातून धूर निघत होता. पेटीत मात्र बाळाच्या दुपट्यात असावी तशी ऊब होती.

आतली अजगरीण हलली. रोवेनाच्या नवऱ्याने, डेल्फिनने, तिचं नाव मिसेस ठेवलं होतं.

"नानांग, मिसेसला थंडी वाजते?" दारातून लेकीने, इसिंगने, आईला विचारलं.

"वाजते, बाळा."

"मग तातांग तिला असं का नाही ठेवत?"

रोवेनाने बाटलीवरचा टॉवेल नीट केला. डेल्फिन वरच्या पॉइंटवर फिरायला आलेल्या लोकांच्या गळ्यात, पैसे घेऊन, अजगर घालून फोटो काढू द्यायचा. त्यासाठीच पेटी या उत्तरेच्या खोलीत असे, उघड्या सिमेंटवर, फुटक्या काचेच्या खिडकीखाली. "गारठलेली मिसेस म्हणजे नुसता दोरखंड," तो म्हणायचा. "तापली, की साप." खायलाही तो तिला जेमतेमच घालायचा, पोट भरलं की उचलायला जड होते म्हणून. गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगायचा, "एक मिसेस घरात, एक पेटीत. दोघींना गारच ठेवतो. म्हणून तोंड वर करत नाहीत!" लोक हसायचे. बायकासुद्धा.

नाताळात रोवेनाला दया आली होती आणि तिने पेटीवर एक गोणपाट टाकलं होतं. त्या दिवशी डेल्फिनने तिचं तोंड चौकटीवर आपटलं. पुढचा दात तेव्हा गेला.

आणि आता या गुरुवारी तो म्हणाला, "रविवारपासून पोरीला बसवणार, मिसेसला गळ्यात घालून. पॉइंटवरच्या त्या कुत्रेवाल्याने फोटोसाठी नातवाला कुत्र्यावर बसवलंय, सगळी गर्दी तिकडं."

"चार वर्षांची आहे रे ती."

त्याने तिचा हात धरून पेटीच्या कडेवर ठेवला, झाकण लावलं आणि वर बसला. सिगारेट संपेपर्यंत बसला. मग रविवारी परतायचं सांगून खाली सपाटीवर कोंबड्यांच्या झुंजींना निघून गेला. तो गेल्या गेल्या रोवेनाने, सुजलेल्या बोटांनीच, चुलीवर किटली चढवली होती. तेव्हापासून आज रविवारपर्यंत किटली उतरली नव्हती.

खालच्या वळणावर जीपचा भोंगा वाजला.

"इसिंग, शेजारी मनांग पुरिंगकडे पळ. मी न्यायला येईपर्यंत तिथंच बसायचं."

"तातांगनी हाक मारली तर?"

"तरी नाही."

पोर शेजारच्या दारात शिरेपर्यंत ती बघत राहिली. मग बल्ब उतरवला. घोंगडी, थर्मोकोल पलंगाखाली ढकललं. बाटल्या काढल्या. दाराशी नेहमीची बादली होती. अजगराने वेटोळं आवळलं की अंगावर गार पाणी मारायचं, मग ते सुटतं. या धंद्यात अशी बादली भरलेली ठेवतातच. रात्रभर गारठलेलं तिच्यातलं पाणी रोवेनाने अंगणात फेकलं आणि गरम बाटल्या एकेक करून तिच्यात रिकाम्या केल्या. बाटल्याही पलंगाखाली गेल्या. तिने खिडकी सताड उघडली.

डेल्फिन दार लाथेने उघडून आत आला. काखेत मेलेला कोंबडा होता, हरलेल्याचा. जिंकणाराच तो घरी नेतो. जॅकेटच्या खांद्यापासून खालपर्यंत रक्त ओघळून वाळलं होतं, पिसं चिकटली होती.

"जिंकलो! शिजव हा." कोंबडा तिच्या छातीवर आपटून खाली पडला. "पोर कुठंय?"

"मनांग पुरिंगकडे. केस विंचरून घेतेय. फोटोत बरी दिसायला नको?"

तो खदखदून हसला. "आली ना लायनीवर! बोटं चेपली की डोकं चालतं बघ तुझं."

हातातले लोकरीचे मोजे न काढताच त्याने झाकण उघडलं, मिसेसला दोन्ही हातांनी उचललं आणि नेहमीसारखं खांद्यावर टाकलं. "चल गं, आज नवी मैत्रीण..."

मिसेसचं डोकं त्याच्या खांद्यापाशी थांबलं. रक्तावर जीभ एकदा फिरली. पुढचं डोळ्यांना दिसलंच नाही. दात खांद्यात रुतले होते, एक वेढा गळ्याखालून गेला होता, दुसरा छातीवरून. डेल्फिन पेटीवर कोसळला, तिथून जमिनीवर. त्याने तिच्या डोक्यावर ठोसे घातले, पाय झाडले. खुर्ची मोडली. त्याने श्वास सोडला की वेढा तेवढा घट्ट व्हायचा. आत काहीतरी वाळक्या बांबूसारखं कडाडलं. नाकातून रक्त आलं.

मोजा घातलेला हात दाराकडे वळला.

"पाणी," तो म्हणाला. आवाज नव्हताच, नुसते ओठ. "गार... पाणी..."

रोवेनाने बादली उचलली. कडी काळ्यानिळ्या बोटांत रुतली, तरी तिने सोडली नाही. ती जवळ येताना पाहून त्याच्या डोळ्यांतली भीती जराशी उतरली. बायको सांगितलेलं ऐकत होती.

तिने सगळी बादली ओतली. सावकाश, त्याच्यावर आणि मिसेसवर, थेंबही मागे न ठेवता.

गारठलेल्या खोलीत दोघांच्याही अंगावरून वाफ निघू लागली.