ऑलिंपसवरचे दगड

धाकट्या जावेचा, सृष्टीचा, फोटो सकाळीच घरच्या ग्रुपवर येऊन पडला. मागे ढग, पायाखाली ऑलिंपसचं शिखर आणि खाली ओळ : ‘इथे म्हणे ग्रीकांचे सगळे देव राहायचे!’ सासूबाईंनी फोनलाच हात जोडले आणि इकडे सायखेड्याच्या स्वयंपाकघरात सुवर्णाची भाकरी तव्यावर करपली.

पुण्यात भाड्याने राहते आणि फिरायला म्हणे ग्रीस! ब्रह्मगिरी चढताना दहा ठिकाणी बसली होती ही बया. वर माथ्यावर सुवर्णाने, सगळे रचतात तसे, ‘घर होऊ दे’ म्हणून दगडावर दगड रचले, तर फिदीफिदी हसली. “ताई, दगड रचून कुठे घर होतं का?”

झालं की! पुढे अंगण, मागे द्राक्षबाग, असा बंगला उभा राहिला. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, हिने मात्र साधा अंगठासुद्धा दिला नव्हता.

आता काहीतरी खोट काढायचीच म्हणून सुवर्णाने फोटो बोटांनी मोठा केला. सृष्टीच्या बुटाशेजारी दगडांची एक छोटीशी उतरंड रचलेली होती. तिने लगेच फोन लावला.

“काय गं, आता बरे रचलेस दगड! पण तिथल्या देवांना मराठी कळतं का?”






“नाही ना, ताई. म्हणून तर दगडांखाली तुमच्या बंगल्याचा फोटो ठेवलाय.”