सोनाबाईचा शेट

गयाबाईनं लेकीचा मातीचा गल्ला कानाशी धरून गदागदा हालवला. वाजला नाही.

"जयवंते! पैसे खाल्ले तू!"

दहा वर्साची जयवंता चुलीपाशी बसून केशवराव मास्तरची भाकर फडक्यात बांधून राह्यली होती. मान वर न करता ती म्हने, "भरेल गल्ला वाजत नाही, आई."

गयाबाईनं गल्ला हातात तोलला. जड होता. तरी राग काही उतरेना, कारन आज तिले समद्या दुनियेचाच राग आला होता. निजामाचं राज्य गेलं ते गेलं, आता त्याचा हाली रुपया बी चालला. मावल्या गावात दवंडी फिरली होती, महिनाअखेर हाली बंद, पुढं फक्त हिंदुस्थान सरकारचा कलदार. अन् इकडं मोट फाटून विहिरीवर लोंबून राह्यली. चार दिवसात पानी नाही भेटलं तं वांगे उभे जळनार. पांढरकवड्याचा मोटवाला गावात उतरला होता, पन उद्या सकाळी जानार. मोटेचे पंधरा कलदार मांगे. हालीले तं बोट बी लावेना.

"म्या तुले काय शिकवलं?" ती लेकीवर खेकसली.

जयवंतानं पाढा म्हनावा तसं म्हनलं, "पैसा खाऊ नये, कामाले लावावा. फुकट कोनाचं काम करू नये, सख्ख्या मायचं बी."

"हं. जाय शाळेत."

पोरगी गेली. गल्ला फोडावा काय, असं गयाबाईच्या मनात आलं. पन तिनं तो होता तिथं ठेवला. लेकराच्या पैशाले हात लावनारी बाई ते नव्हं.

उतरंडीच्या गाडग्यात तिचे सोताचे एकवीस हाली होते. त्यातले एकोनीस खरे. दोन शिशाचे, कोन्यातरी कापडवाल्यानं बाजारात गळ्यात मारलेले.

आदिलाबादच्या खजिन्यात सात हालीले सहा कलदार भेटत. पन ती रांग अशी का तिचं तोंड खिडकीत अन् शेपटी मावल्यात. गयाबाई एक दिवस उभी राह्यली अन् रांगेतच तिचं नवं लुगडं जुनं झालं. मंग उरली ते सोनाबाई तेलीन, कोन्या शेटकडून गावातल्या बायाईचे हाली बदलून आननारी.

"माहा शेट सातले पाच देते," सोनाबाई म्हने.

"पाच? खजिन्यात सहा हायेत!"

"मंग जाय ना बाई खजिन्यात. तुले कोन धरलं?"

"कोन हाय तो मेला? नाव सांग. मी पाह्यते त्याच्याकडं."

"शेटचं नाव गिऱ्हाइकाले नाही, गिऱ्हाइकाचं शेटले नाही. बोली हाय आमची."

"मढं बसवलं त्याचं! गरिबाच्या बाया लुटून राह्यला! त्याच्या मायनं काय शिकवलं असंल त्याले?"

"माय लई कडक हाय म्हन्तेत," सोनाबाई म्हने, अन् तोंडाले पदर लावला.

गयाबाईचं डोकं फिरलं. घरी आली, गाडगं उपडं केलं अन् शिशाचे दोन रुपये खऱ्याईच्या मधोमध घातले. लुटाऱ्याले लुटलं तं पाप कायचं?

सोनाबाई एकेक रुपया दगडावर आपटून घे खरी. पन घान्याची करकर ऐकून ऐकून तिचे कान असे झाले होते, का दारात हत्ती वरडला तं म्हने मच्छर आला. शिशाचे थप्प वाजले. सोनाबाईनं मान डोलावली अन् सांजच्याला पंधरा कलदार आनून देल्ले.

दुसऱ्या दिवशी नव्या मोटेचं पानी वाफ्यात खळखळलं. मोट रिती होते त्या थाळन्यावर गयाबाई उभी राहून हासली. शेट आता रुपये वाजवून कसा नाचत असंल, हे तिले डोळ्यापुढं दिसे.

दुपार ढळता जयवंता शाळेतून आली. लाल लाल तोंड, डोळे सुजेल. पाटी तिनं फेकली अन् थाळन्याच्या दगडावर दोन रुपये आपटले.

थप्प. थप्प.

"पाह्य हे! मामानं देल्लेले दोन कलदार म्या कामाले लावले. सोनामावशीच्या हातून बायाईचे हाली घेतले, मास्तर पगाराले खजिन्यात जाये तवा भाकरीच्या बदल्यात त्याच्या हातून बदलून आनले. वर्सभर, आई! पुरा गल्ला भरला होता. तुले फोडून दाखवनार होती मी. अन् आज मास्तरनं वाजवून पाह्यले अन् हे दोन परत केले. पोरगी पाहून कोनी फसवू नये मून तं मी शेट झाली होती!"

गयाबाईच्या हातातून मोटेचा दोर, सोंदूर, सुटला. मोट धाडकन विहिरीत गेली.

"मावशी काही नाव सांगत नाही. तू तं गावातल्या समद्या बायाईले वळखतं," जयवंतानं बाहीनं नाक पुसलं. "सांग ना आई, कोन हाय ते चोट्टी? तिच्या दारात उभी राहून बोंब मारते मी."