मानाची खुर्ची

"भिंत चांगली आहे. तुम्हीच ओले कपडे घरात वाळवता, त्याची ही ओल, ही सीलन," घरमालकीण काकू वर्षभर ऐकवत होत्या. वर त्यांच्या बाथरूमचा पाइप गळत होता आणि खाली माझ्या पोरीची छाती घरघरत होती. चैत्रात सगळं देवास शहर भाजून निघालं, तरी भिंतीवरची काळी बुरशी ओलीच. मग मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काकूंना मुद्दाम बोलावलं. पोरीची खाट हलवून त्याच जागी, भिंतीला लावून, खुर्ची मांडली. "बसा काकू, मान तुमचाच." कॉलनीतल्या बायकांदेखत काकूंनी भिंतीकडे पाहिलं, खुर्ची हातभर पुढे ओढली आणि मगच त्या बसल्या. "नवी माहेश्वरी आहे गं, पाठीला काळं लागेल." हातातला पन्ह्याचा पेला ठेवून मी पोरीची उशी त्यांच्या मांडीवर आपटली. "तुमच्या साडीला जी भिंत चालत नाही, तिला चिकटून माझी पोर रोज झोपते!"