प्रेमलाबाईंची रेघ

बसा निवांत, चहा येईस्तोवर एका हट्टी बाईची गोष्ट सांगतो. मध्ये बोलू नका, धागा सुटतो माझा.

साल शहाऐंशीच्या आसपासचं, पुण्यातली एक प्रयोगशाळा. मंदाकिनीबाईंनी बंद पडलेला पंप पुन्हा चालू केला आणि यज्ञेश्वर सर, म्हणजे तिथले मुख्य साहेब, दारात येऊन उभे राहिले.

"अहो, त्या बिचाऱ्या प्रेमलाबाईंनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"दार लावून घ्या सर. धूळ येते."

भानगड अशी. ताऱ्याचा उजेड आपल्याकडं येताना अवकाशातल्या ढगांतनं येतो. त्या ढगात जो वायू असेल, तो उजेडाचा आपापला घास खातो. उजेड रंगारंगांत फोडून बघितला की तिथं काळी रेघ. बोटाच्या ठशासारखी, ज्याची त्याची वेगळी. मागं प्रेमला दांडेकर नावाच्या पोरीनं कार्बनच्या साखळीचा एक वायू नळीत भरला, त्याची रेघ काढली, ती वरच्या, म्हणजे ताऱ्याच्या उजेडातल्या रेघेला जुळवून दाखवली. मोठं नाव झालं. मग लग्न करून गेली. पुढं तिचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

सरांचा अख्खा ग्रंथ त्या रेघेवर उभा. आणि मंदाकिनीबाई पोरंबाळं मोठी करून उशिरा कामाला लागलेल्या. नोकरी कच्ची, पक्की करणार ते हेच सर.

"तिनं वायू गरम असताना मोजला," बाई म्हणाल्या. "वर तर हाडं गोठवणारी थंडी. गार झाल्यावर रेघ सरकते का, बघायला नको?"

"जुळली होती ना?"

"जुळावी असं फार वाटलं की जुळते."

"वैर आहे का काही?"

"तसंच समजा."

बाईंनी वायू सुईएवढ्या भोकातनं पोकळीत सोडायचं ठरवलं. तिथं एकदम पसरला की गार पडतो. पण भोक तुंबायचं, नळी तडकायची. शेजारच्या टेबलावरचे अनंतराव म्हणायचे, "दुसऱ्याचं देऊळ पाडून पुण्य लागतं का हो?"

"पायाच कच्चा आहे. उद्या कुणाच्या तरी डोक्यावर पडेल."

शेवटी रेघ आली. स्वच्छ, आणि वरच्या रेघेपासून चांगली बाजूला.

सरांनी कागद परत बाईंपुढं सरकवला. "हे छापलंत तर तिचं नाव पुसलं जाईल. आयुष्यात एवढं एकच केलं होतं हो तिनं."

"ठाऊक आहे. पण त्या चुकीवर नवी पोरं आपली वर्षं घालवतायत."

बाईंनी छापलं. नोकरी पक्की झाली नाही ती नाहीच. लोक आजही म्हणतात, जळकी होती बाई, प्रेमलाचं बरं बघवलं नाही तिला.

तुमच्यापुढं कुणी असं बोललं, तर माझ्यासाठी एवढं करा. त्याला सांगा, सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मंदाकिनी' लिहायच्या आधी या बाईंचं नाव प्रेमला दांडेकर होतं.