नाताळच्या गाण्याचं तिसरं कडवं

बाबा प्रवचन गाऊनच करायचे आणि दर नाताळला एक नवं गाणं रचायचे. ते गेल्यावर त्यांची आणि माझी गाणी एकत्र करून मी अल्बम करायला घेतला. पण एका गाण्याचं तिसरं कडवं कुणालाच आठवेना. "अर्धवट गाणं लोकांपुढे न्यायचं नाही," असं आईनं बजावलं होतं.

त्या दुपारी आई स्टुडिओत माझ्या मागे बसली होती. दोन कडवी गाऊन मी थांबले. हेडफोनमध्ये गाणं मात्र चालूच राहिलं.

"दादा, कोण गातंय?" मी काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला विचारलं.

"मी तर नाही बाई. मला गाता आलं असतं तर इथे बटणं दाबत बसलो असतो का?" असं म्हणून त्यानं आवाज स्पीकरवर सोडला.

आवाज बाईचा होता, गोड आणि अगदी अनोळखी. आईचे डोळे भरून आले.

"हेच गं ते कडवं! देवाची कृपा. लिही पटकन."

मी लिहू लागले. मध्येच पेन्सिलचं टोक मोडलं, तसा आवाज थांबला. मी दुसरी पेन्सिल घेतल्यावर त्यानं तीच ओळ पुन्हा, सावकाश गायली.

"झालं," कडवं संपल्यावर आई म्हणाली. "गाणं एवढंच होतं."

पण आवाजानं चौथं कडवं उचललं. त्यात एक म्हातारी जागेवरून उठून, कुणीतरी हाक मारल्यासारखी दाराकडे निघाली होती. लिहिता लिहिता मी मागे वळून पाहिलं.

आई उठली होती.