साहेबाचा वाघ

मुंबईच्या अजबखान्यात पाली गावाकडची शाळकरी पोरं रांगेत उभी होती. पेंढा भरलेल्या वाघावर छडी ठेवून तिथले बाबू म्हणाले, “हा वाघ गोऱ्या साहेबांनी एकट्याने मारला.” मास्तरांबरोबर पोरं सांभाळायला आलेल्या भागोजीचं टाळकं फिरलं. फाटक्या कानावरून त्याने वाघ ओळखला होता. साहेबाने न विचारता भागोजीचाच बैल मचाणाखाली बांधून, वाघ तो खाण्यात गुंगल्यावर गोळी घातली होती. “एकट्याने? आन् माझा चांद्या बैल?” “अहो, बैलाचं नाव पाटीवर घालत नाहीत,” बाबू हसले. भागोजीने वाघाच्या पोटात छत्री हाणली. शिवण टरकन उसवली, पेंढा भसाभस बाहेर आला. “भागोजी, सरकारी वाघ आहे तो!” मास्तर किंचाळले. बाबू पेंढा परत कोंबायला लागले. “पोरांना बघू द्या,” भागोजी कडाडला. “वाघ साहेबाचा असंल, पण त्याच्या पोटात अजून माझ्या चांद्याची वैरण हाय!”